राखेने धुतलेली पिपेट

रविवार, श्रावणातला पहिला. सन १९३६. सकाळचे आठ.

हजर: आप्पा, आमच्या मुलींच्या हायस्कुलातले संस्कृतचे आणि शास्त्राचे शिक्षक. निपाणीचे मास्तर, तिथल्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारे. आदल्या संध्याकाळी सर्व्हिस मोटारीने येऊन येळ्ळूरला बहिणीकडे उतरलेले. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, शाळेतले मास्तर, सायकलवरून. सर, म्हणजे कॉलेजात प्रयोग करून दाखवणारे डेमॉन्स्ट्रेटर, धारवाडकडचे, घरी कानडी बोलणारे. वयाने आमच्यात सगळ्यांत लहान आणि शिकवणारे तेच. आणि मी, आप्पांच्याच शाळेत भूगोल व आरोग्यशास्त्र शिकवणारी. खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे.

गैरहजर: कोणी नाही.

स्थळ: बेळगाव, आमच्या शाळेची मागची खोली. तिला प्रयोगशाळा म्हणायला आम्ही त्याच वर्षी सुरुवात केली होती. त्याआधी तिथे स्नेहसंमेलनाचे पडदे आणि मोडकी बाके असत.

जमण्याचे कारण एक पत्र होते. शिक्षणखात्याने कळवले होते की मॅट्रिकच्या वर्गाला शास्त्र शिकवणारा माणूस एकतर विद्यापीठात शास्त्र शिकलेला असावा, नाहीतर त्याने इन्स्पेक्टरांसमोर ठरलेले प्रयोग स्वतःच्या हाताने करून दाखवावेत. दोन्ही जमत नसेल तर शाळेने तो विषय बंद करावा. इन्स्पेक्टर दिवाळीनंतर येणार होते.

विद्यापीठात शास्त्र शिकलेला माणूस आमच्याकडे टिकत नसे. आदल्या वर्षी एक बी.एस्सी. झालेले गृहस्थ आले होते. दिवाळीच्या सुट्टीत ते पुण्याला गेले आणि राजीनामा तिकडूनच पाठवला. म्हणजे राहिले आप्पा. आप्पा नापास झाले असते तर त्यांचे संस्कृतचे तास होतेच, त्यांचे फार बिघडले नसते. बिघडले असते मुलींचे. मॅट्रिकला शास्त्र घेणाऱ्या त्या मूठभर मुली होत्या आणि त्यांतल्या काहींना डॉक्टर व्हायचे होते. शास्त्र बंद झाले की त्यांना गृहशास्त्र उरणार होते. पापड कसे लाटावेत हे सांगणारी माणसे त्यांच्या घरी पुष्कळ होती.

आप्पांविषयी थोडे सांगायला हवे. ते शास्त्र स्वतःच शिकले होते, इंग्रजी पुस्तके आणून, कोशात शब्द पाहून. शिकवत ते संस्कृतसारखे. सगळे नियम त्यांनी श्लोकांत बसवले होते. दाब वाढला की वायूचे आकारमान कमी होते, याचा अनुष्टुभ् होता. आम्लांचा एक, क्षारांचा एक. वर्गात मुली एका सुरात म्हणत. आमच्या शाळेची एक खिडकी खडेबाजाराकडून येणाऱ्या बोळात उघडते. त्या बोळातून देवळात जाणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई खिडकीखाली थांबून रोज हात जोडत. त्यांच्या नमस्कारातला बराचसा भाग वायूच्या दाबाला जात असे.

आणि निकाल चांगले लागत. आप्पांचे म्हणणे तेच होते. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "बाई, माझ्या मुली पास होतात. मग मला पुन्हा शाळेत का बसवता?"

मी म्हटले, "लेखी पेपरात होतात, आप्पा. आता पेपर तुमचा आहे, आणि तो लेखी नाही."

ते हसले आणि बसले. आप्पांचा हा गुण होता. वाद करत, पण बसत.

आम्ही एक नियम केला होता. जो प्रयोग आपण इतरांसमोर केला नाही, तो वर्गात शिकवायचा नाही. एकाने करायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे आणि विद्यार्थी विचारतात ते सगळे विचारायचे. कॅम्पातले मास्तर यात फार रंगत. मागच्या बाकावर बसून ते खडूचे तुकडे फेकत आणि मध्येच उभे राहून विचारत, "सर, हे परीक्षेला येणार का?" सर तरुण आणि गंभीर. पहिल्यांदा त्यांनी खरेच उत्तर दिले.

ऑक्सिजनचा दिवस मला अजून दिसतो. सरांनी पोटॅशियम क्लोरेट तापवून वायू जमवला. आप्पांना काडी हवी होती. आमच्याकडे लाकडाच्या बारीक काड्या नव्हत्या म्हणून मी कोनाड्यातली उदबत्ती दिली. तिचे टोक नुसते लाल होते. आप्पांनी ती बाटलीत धरली आणि ती भपकन पेटली.

आप्पांनी हात मागे घेतला. मग फुंकर मारून ज्योत विझवली आणि पुन्हा आत धरली. पुन्हा पेटली. हे त्यांनी किती वर्षे शिकवले होते ते त्यांनाच माहीत. श्लोकही होता त्याचा. पण पाहिले त्या दिवशी. बाटल्या संपल्या, तेव्हा त्यांनी सरांना आणखी वायू करायला लावले. उदबत्तीचा पुडा संपला. निपाणीचे मास्तर म्हणाले, "आप्पा, देवाला तरी एक ठिवा."

आप्पा म्हणाले, "देवानं पाहिलंय हे. मी पाहिलं नव्हतं."

हे सगळे सुरळीत चालले असताना आम्ही पिपेटपाशी आलो.

ज्यांनी पिपेट पाहिली नाही त्यांच्यासाठी: ती एक लांब काचनळी असते, मध्ये फुगीर, वर एक खूण. खालचे टोक द्रावणात बुडवायचे, वरच्या टोकाला तोंड लावून द्रावण खुणेच्या वरपर्यंत ओढायचे, आणि तोंड काढताक्षणी बोट दाबायचे. मग बोट हळूच सैल करून द्रावण खुणेवर आणायचे. म्हणजे नेमके मोजलेले द्रावण मिळते. ते काचेच्या चंबूत सोडायचे, त्यात रंगाचा थेंब टाकायचा आणि ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मोजनळीतून, आम्ल थेंबाथेंबाने सोडत राहायचे. पिवळ्याचा नारिंगी झाला की थांबायचे आणि किती आम्ल लागले ते वाचायचे. इन्स्पेक्टर हा प्रयोग हमखास लावत.

आमच्याकडे तांब्याला ओठ लावून पाणी पीत नाहीत. वरून पितात. कॅम्पातले मास्तरही आमच्या शाळेत आले की वरूनच पीत, सदऱ्यावर सांडत, पण पीत. आणि इथे तर एक नळी पाच तोंडांत जायची होती.

सरांनी करून दाखवले. कॅम्पातल्या मास्तरांनी केले. निपाणीच्या मास्तरांनी जोर जास्त लावला आणि धुण्याच्या सोड्याचे द्रावण तोंडभर घेतले, ते उठून विहिरीकडे धावले आणि येऊन म्हणाले, "आता आठवडाभर दात घासायचं काम न्हाय." मग माझी पाळी. मी पिपेट पदराने पुसली आणि तोंड लावले. सर कळवळून म्हणाले, "बाई, पदरानं नको री, मळ लागतो." त्यांना काळजी द्रावणाची होती. माझीही तशी असायला हवी होती.

नंतर आप्पा. त्यांनी पिपेट हातात घेतली, उजेडात धरून पाहिली, खूण किती सुबक कोरली आहे असे म्हणाले आणि खाली ठेवली. आज आपले व्रत आहे, असे त्यांनी सांगितले.

पुढच्या रविवारी त्यांची दाढ दुखत होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून रीडिंगे लिहून घेण्याचे काम मागितले, ते काम माझे असूनही. मग मात्र मी सरळ विचारले. आप्पांनीही सरळ सांगितले. ते म्हणाले की कुणाबद्दल मनात काही नाही, पण तोंडापाशी आली की नळी पुढे जात नाही. लहानपणापासूनची सवय घशात बसली आहे, तिला मी काय करू.

त्यांना हिणवावे असे कुणाला वाटले नाही. उपाय शोधायला मात्र सगळे लागले. निपाणीच्या मास्तरांचे घर तंबाखूच्या शेतीवरचे. त्यांना चिलीम आठवली.

"आप्पा, आमच्यात एक चिलीम धा जण वडत्यात. मूठ आवळायची, मुठीच्या खालनं चिलीम, वरनं तोंड. व्हटाला काय लागत न्हाय. लई सोपं हाय."

आप्पांना ही युक्ती फार आवडली. त्यांनी डाव्या हाताची मूठ पिपेटच्या टोकावर आवळली आणि अंगठ्याकडून ओढले. द्रावण चढले. खुणेच्या वर गेले. पण मूठ सोडून बोट दाबेपर्यंत सगळे खाली आले, आणि बोट आधी दाबायला गेले की मूठ फसे. द्रावण कोपरापर्यंत ओघळले. निपाणीच्या मास्तरांनीही करून पाहिले आणि कबूल केले की चिलमीला खूण नसते.

शेवटी मी व्यवहाराचा मार्ग काढला. शाळेतर्फे आणखी एक पिपेट मागवली, तिच्या मानेला लाल दोरा बांधला आणि आप्पांच्या हातात दिली. ही तुमची, घरी न्या, सराव करा. सर नाखूश होते. इन्स्पेक्टर आपली पेटी आणतात आणि तीच वापरायला लावतात, हे त्यांनी सांगितले. मी म्हटले, आधी हात तर बसू दे.

हात बसला. दोन रविवारांत आप्पांचे बोट इतके तयार झाले की सरांनीही मान डोलावली. द्रावण खुणेवर येऊन उभे राही, जणू त्याला सांगून ठेवले होते. पण रीडिंग चुकत असे.

आम्ही चौघे तेच द्रावण, तेच आम्ल घेऊन करत होतो आणि आमची रीडिंगे जुळत होती. आप्पांना दर वेळी आम्ल जास्त लागे. सरांनी ब्युरेट बदलली. आम्ल नवे केले. आप्पांच्या डोळ्यांना नारिंगी रंग उशिरा दिसत असेल म्हणून त्यांच्या शेजारी मला उभे केले. मलाही तेवढाच उशिरा दिसला. निपाणीचे मास्तर म्हणाले की आप्पांच्या अंगातच तेज आहे, सोडा जास्त येतो. हसणे झाले, पण दिवाळी जवळ येत होती. चुकीच्या रीडिंगावर इन्स्पेक्टर पास करणार नव्हते.

ते सरांच्या लक्षात आले, तेही आप्पांची रीडिंगे एकाखाली एक लिहिलेली पाहून. पहिले सर्वांत मोठे. दुसरे त्याहून कमी. तिसरे आणखी कमी. आणि हे दर रविवारी, पुन्हा पहिल्यापासून.

"आप्पा, काहीतरी धुतलं जातंय," सर म्हणाले. "प्रत्येक वेळी थोडं थोडं. पिपेट घरी कुठं ठेवता?"

"देवघराच्या शेजारी. फळीवर."

"आणि धुता कशानं?"

आप्पांना प्रश्नच विचित्र वाटला. भांडी कशाने धुतात? "राखेनं. राखेचं पाणी आत खेळवतो, चांगलं हलवतो, मग एका पाण्यानं विसळून उलटी टांगतो. रोज. स्वच्छ नको का? घरूनच धुऊन आणतो, म्हणून इथं पुन्हा धूत नाही."

सरांनी माझ्याकडून रंगाची बाटली घेतली, मला शाळेच्या चुलीतली चिमूटभर राख आणायला सांगितली, ती पाण्यात ढवळली, गाळली आणि रंगाचा थेंब टाकला. पाणी पिवळे झाले, सोड्याचे होते तसेच. मग त्यांनी आम्लाचे थेंब सोडायला घेतले. ते जात राहिले, जात राहिले, आणि पाणी पिवळेच. किती तरी वेळाने ते नारिंगी झाले.

राखेत क्षार असतो, याचा आप्पांचा श्लोक होता. दुसऱ्या चरणात होता. तो त्यांनी त्या खोलीत, ब्युरेटकडे बघत, अर्धा म्हटला आणि थांबले. मला वाटले त्यांना वाईट वाटले. तसे काही नव्हते. त्यांना शंका आली होती.

"सगळ्या राखा सारख्या असतील का हो?" त्यांनी विचारले.

सरांना माहीत नव्हते. आप्पांना याचाच आनंद झाला. सरांना माहीत नाही असे काहीतरी त्यांना सापडले होते.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपल्या घरची राख आणायची असे ठरले. हजेरी नेहमीचीच, फक्त हातात पुड्या. आप्पांकडची बाभळीच्या लाकडाची. माझी गोवऱ्यांची. कॅम्पातल्या मास्तरांकडची नारळाच्या सोडणांची, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालींची. त्यांच्या घरी बंब त्यावरच तापे. सरांच्या खाणावळीची, ज्वारीच्या धाटांची. निपाणीच्या मास्तरांनी तंबाखूच्या काड्यांची राख आणली होती, आणि ती आणताना मोटारीत शेजारच्या प्रवाशाला शिंका आल्या असे ते सांगत होते. मी सगळ्या सारख्या वजनाने तोलल्या, सारख्या पाण्यात भिजवल्या, गाळल्या आणि बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. वाफेचे पाणी मी घरून करून आणले होते, केटलीच्या तोटीला नळी लावून.

पाच घरांच्या पाच चुली टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. आप्पांनी धोतराचा काचा घट्ट केला आणि सुरुवात केली.

तसे काम मी आधी पाहिले नव्हते. ते श्लोक म्हणत नव्हते, आमच्याशी बोलतही नव्हते. ओढायचे, बोट, चंबू, थेंब, थेंब, थेंब. रीडिंग सांगायचे, मी लिहायचे. बाभूळ झाली. गोवऱ्या झाल्या आणि माझी चूल सर्वांत फिकी निघाली, यावर कॅम्पातले मास्तर बोलणार होते, पण आप्पांनी त्यांना हातानेच गप्प केले. नारळाची सोडणे पुढे गेली. ज्वारी मध्ये राहिली. मग तंबाखू. निपाणीच्या मास्तरांनी पैज लावली होती, आपली राख सगळ्यांना हरवणार. ते टेबलावर इतके ओणवे झाले की आप्पांचा कोपर त्यांना लागला.

लाल दोऱ्याची पिपेट टेबलाच्या कडेवर आपटली आणि तुटली.

चंबू रिकामा होता, द्रावण तयार होते, ब्युरेट भरलेली होती. शेजारी शाळेची पिपेट होती. कॅम्पातल्या मास्तरांनी नुकतेच ज्वारीचे रीडिंग पडताळून ती स्टँडवर ठेवली होती, तोंड लावायचे टोक अजून ओले होते.

आप्पांनी ती उचलली. वाफेच्या पाण्याने धुतली, मग राखेच्या द्रावणाने धुतली, नियमाप्रमाणे, आणि तोंडाला लावली. द्रावण खुणेच्या वर चढले. बोट बसले. खुणेवर येऊन द्रावण थांबले.

निपाणीच्या मास्तरांचे तोंड उघडले. मी त्यांच्या हातात वाफेच्या पाण्याची बाटली दिली, काहीही कारण नसताना. त्यांनी ती धरली आणि तोंड मिटले. कॅम्पातले मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. सर खाली वाकून काचेचे तुकडे गोळा करू लागले, ते काम त्यांचे नसून माझे होते.

थेंब पडत होते. तंबाखूने खरोखर सगळ्यांना मागे टाकले. ब्युरेट पुन्हा भरावी लागली. नारिंगी रंग आला तेव्हा आप्पा सरळ झाले. मग त्यांचे लक्ष हातातल्या पिपेटकडे गेले, तिच्या मानेकडे, जिथे दोरा नव्हता.

"बाई, ही कुणाची?"

"शाळेची, आप्पा."

त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "मग रीडिंग लिहा. आणि एकावर भरवसा नको, दुसरं घेतो." आणि पुन्हा तोंडाला लावली. पहिल्या वेळेचे मी काही सांगू शकत नाही. दुसरी वेळ मात्र पाहून, जाणून होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. घरी सांगितले, असे म्हणाले. मी विचारले, वहिनी काय म्हणाल्या? "म्हणाली, पिपेट म्हणजे काय ते आधी सांगा. तेवढं सांगण्यातच जेवण निवलं. मग म्हणाली, राख कुणाची जास्त निघाली? निपाणीची म्हटल्यावर म्हणाली, थोडी मागवून घ्या, पितळ छान निघेल."

इन्स्पेक्टर दिवाळीनंतर आले. सरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांची स्वतःची पेटी होती. तिच्यातली पिपेट किती गावांच्या किती मास्तरांच्या तोंडातून आली होती कोण जाणे. आप्पांनी ती दोनदा धुतली, योग्य त्या क्रमाने, आणि काम सुरू केले. मी दाराशी उभी होते. रीडिंगे तीनही जुळली.

इन्स्पेक्टरांनी इंग्रजीत विचारले की पिपेट द्रावणाने धुतलीत, मग चंबू का नाही धुतला? आप्पांनी कारण सांगितले: पिपेटमध्ये मागे राहिलेले पाणी द्रावणाला पातळ करते, चंबूत मोजून सोडल्यानंतर पाणी असले तरी सोडा तेवढाच राहतो. उत्तर तिथे संपायला हवे होते. पण आप्पा म्हणाले, "परवानगी असेल तर, न धुतल्यास काय होतं याचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो," आणि राखेची हकिगत सांगायला लागले. मधूनच त्यांची इंग्रजी अपुरी पडली आणि ते मराठीत आले, इन्स्पेक्टरही आले. पाच चुलींची रीडिंगे मागवली गेली. मी ती नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, तंबाखूच्या आकड्याशी थांबले आणि खोटे तर नाही ना अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, राख शिल्लक आहे, आत्ता करून बघा. त्यांनी कोट काढला आणि करून बघितले. दुपारचे जेवण त्या दिवशी सगळ्यांचेच उशिरा झाले.

आप्पांना मान्यता मिळाली. शेरा असा होता की शिक्षक प्रयोगात निष्णात आहेत, आणि यापुढे प्रत्येक मुलीने प्रयोग आपल्या हाताने करावा.

हा दुसरा भाग आम्ही धरलाच नव्हता. पिपेट एक आणि मुली अनेक. पहिल्या दिवशी पिपेट मधोमध ठेवली होती आणि मुली भोवती उभ्या राहून एकमेकींकडे बघत होत्या. घरोघरचे निरोप त्यांच्याबरोबर आलेले होते. एकीने विचारले, "आप्पा, आधी कोणी?"

"आधी मी," आप्पा म्हणाले. "मग हजेरीप्रमाणे. मग पुन्हा मी."

त्यांनी तोंड लावून द्रावण ओढले, सोडले, पिपेट धुऊन पहिल्या मुलीला दिली. शेवटच्या मुलीनंतर ती पुन्हा त्यांच्याकडे आली आणि त्यांनी पुन्हा ओढले. एका घरून तक्रार आली, तेव्हा मी जाऊन बसले आणि चहा पिऊन आले. मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात होती. खिडकीखालच्या म्हाताऱ्या बाईंनी मात्र मला रस्त्यात गाठून विचारले, हल्ली पाठ का ऐकू येत नाही? मी सांगितले, हल्ली पूजा चालते.

हे लिहायला बसले त्याला कारण या जूनचे आहे. आप्पा आता निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी येणारी बाई त्याच वर्गातली. पुण्याला जाऊन तिने बी.एस्सी. केले, चांगल्या वर्गात, आणि परत बेळगावला आली. ही गोष्ट आमच्याकडे पहिल्यांदाच घडते आहे. नेमणुकीचा कागद घेऊन ती आप्पांना नमस्कार करायला आली. आप्पांनी कागद वाचला, मला दाखवला, पुन्हा वाचला. त्यांचा आनंद लपत नव्हता.

मग ते म्हणाले, "रविवारी सकाळी आठला या. पहिला धडा विजेचा आहे ना?"

ती हसली. "आप्पा, मी कॉलेजात केलाय तो. डिग्री आहे माझ्याकडे आता."

"आहे ना. म्हणून तर तुम्हाला घेतलं. ती कपाटात ठेवा. इथं कुणासमोर केलाय?"

ती माझ्याकडे पाहू लागली. तिला वाटले मी तरी सोडवीन. मी सोडवले नाही. प्रश्न विचारायला निपाणीचे मास्तर येणार आहेत आणि कॅम्पातले मास्तर मागच्या बाकावर बसणार आहेत, एवढे सांगितले. खडूंचे सांगितले नाही. सर आता दुसऱ्या गावी प्राध्यापक आहेत; त्यांना पत्र टाकले आहे, आले तर येतील.

तिने शेवटी कबूल केले की कॉलेजात विजेची बॅटरी शिपायाने तयार करून दिलेली असे, तिने फक्त तारा जोडल्या होत्या. आप्पांनी फक्त माझ्याकडे पाहिले.

खोली झाडून घेतली आहे. काचेची भांडी धुतली आहेत, राखेने नव्हे. तांब्याच्या तारा घासल्या. बॅटरी या वेळी तिच्याच हातांनी व्हायची आहे; तिच्यासाठी जस्ताच्या पट्ट्या आहेत, पण त्यांना पारा चोळल्याशिवाय त्या आम्लात टिकत नाहीत. आमची पाऱ्याची बाटली रिकामी आहे. कॅम्पातल्या शाळेत थोडा आहे, आणायला शनिवारच्या आत कोणीतरी जायला हवे. अजून कोणी गेलेले नाही.